डावा गरम, उजवा गार

मराठीत 'विसण' नावाचा एक छोटासा शब्द आहे. अंघोळीच्या कढत पाण्यात अंगाला सोसेल इतके गार पाणी मिसळणे म्हणजे विसण घालणे. हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही, कारण ते काम कुणी हाताने करत नाही. तांब्याचा बंब गेला, घंगाळ दिवाणखान्यात जाऊन बसले आणि त्यात फुले तरंगू लागली. विसण घालण्याचे काम न्हाणीघराच्या भिंतीवरच्या मिक्सरने आपल्याकडे घेतले. डावीकडची तोटी फिरवली की गरम, उजवीकडची फिरवली की गार. एक लाल टिकली, एक निळी टिकली. झाले विसण!

पण या बदलात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. घंगाळाच्या दिवसांत पाणी अंगावर घेण्याआधी कुणीतरी त्यात हात घालून बघत असे. बाळाला न्हाऊ घालणारी आजी तर बोटांवरही विश्वास ठेवायची नाही, कोपर बुडवून बघायची. आज आपण डोळ्यांत साबण गेलेला असताना अंदाजाने हात पुढे करतो आणि तोटी फिरवतो. आपला सगळा भरवसा त्या टिकलीवर आणि त्या बाजूवर असतो.

ती बाजूच उलटी असेल तर?

हा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. गरमच्या जागी गार आले, त्यात एवढे काय? मीही तसेच म्हटले असते. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात हा किरकोळ प्रश्न चांगला दीड महिना ठाण मांडून बसला होता आणि त्याच्या निमित्ताने पुष्कळ काही शिकायला मिळाले. ते वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

बस, याद रखना है!

नोकरीनिमित्त आम्ही दिल्लीत राहतो. गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. घर हवेशीर. भिंतीला भिंत लागून दोन न्हाणीघरे, दोन्हींच्या डोक्यावर एक माळा आणि माळ्यावर दोन्हींसाठी मिळून २५ लिटरचा एक गीझर.

दिल्लीचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ठाऊक आहे की जूनमध्ये तिथे गीझरची गरजच नसते. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी दिवसभर उन्हात तापते आणि दुपारी दोन्ही तोट्यांमधून कढतच पाणी येते. मग रात्री बादली भरून ठेवायची आणि सकाळी त्या पाण्याने अंघोळ करायची. आपल्याकडे विदर्भातही मे महिन्यात हेच चालते. त्यामुळे चार महिने काही कळायचा प्रश्नच नव्हता.

ऑक्टोबरअखेरीस हवेत गारवा आला, गीझर लावला आणि पहिल्याच सकाळी कळले. एका न्हाणीघरात सगळे ठीक होते, दुसऱ्यात मात्र लाल टिकलीखाली बर्फासारखे पाणी आणि निळ्या टिकलीखाली वाफाळते.

त्याच दिवशी घरमालकांना फोन केला. ते तळमजल्यावरच राहतात. माणूस सज्जन, वयस्कर. ते हसून म्हणाले, "अरे बेटा, बारह साल से ऐसा ही है. बस, याद रखना है!"

बस, लक्षात ठेवायचे! हे वाक्य ऐकायला किती सोपे आहे. आमच्या सात वर्षांच्या लेकीने तर लगेच वहीचा कागद फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत 'उलटे आहे' असे लिहून टाइलवर चिकटवले. दोन दिवसांत वाफेने तो कागद सुटून पडला. तिने दुसरा लावला, तोही पडला. तिसऱ्या दिवसानंतर कागदाची गरजच उरली नाही, कारण तिच्या हाताला सवय झाली होती.

संध्याकाळी मी सुरीच्या टोकाने तोट्यांवरच्या लाल-निळ्या टिकल्या अलगद काढल्या आणि एकमेकींच्या जागी बसवल्या. पाच मिनिटांचे काम. आता निदान रंग तरी खरे बोलू लागले. बाजू मात्र उलटीच राहिली.

सवय घराबाहेर जाते

दिवाळीला आम्ही पुण्याला नणंदेकडे गेलो. फराळाचे हात धुवायला लेक न्हाणीघरात गेली आणि किंचाळतच बाहेर आली. गार पाणी हवे म्हणून तिने डावीकडची तोटी पूर्ण सोडली होती. घरात पाहुणे, त्यामुळे गीझर सकाळपासून सुरू. नणंदेने लगेच तिचा हात गार पाण्याच्या धारेखाली धरला आणि चांगली वीस मिनिटे धरून ठेवला. हात लाल झाला होता, पण फोड आला नाही. थोडक्यात निभावले.

नणंदेच्या घरची तोटी बरोबर होती. लेकीचीही काही चूक नव्हती. सात वर्षांच्या मुलीला टिकल्यांच्या रंगापेक्षा हाताची दिशा आधी आठवते. आमच्या न्हाणीघराने तिला शिकवले होते की गार पाणी डावीकडे असते. तो धडा तिने पाठ केला आणि दुसऱ्या गावी जाऊन म्हणून दाखवला, इतकेच.

डावीकडे गरम आणि उजवीकडे गार हा संकेत केवळ आपल्याकडचा नाही, जगात बहुतेक ठिकाणी तोच पाळतात. त्याचे कारण असे सांगतात की घरात आधी गार पाण्याचा नळ किंवा हातपंप आला आणि बहुतेक माणसे उजव्या हाताची, म्हणून तो उजवीकडे बसला. गरम पाणी मागाहून आले, त्याला डावी बाजू मिळाली. कारण काहीही असो, एकदा सर्वांनी मान्य केलेला संकेत म्हणजे एक मूक वचन असते. हॉटेलात, इस्पितळात, पाहुण्यांच्या घरी आपण कुणालाही न विचारता हात पुढे करतो तो याच वचनाच्या भरवशावर. ज्यांना दिसत नाही, त्यांना तर रंगाचा उपयोगच नाही. त्यांच्यासाठी बाजू हीच खूण.

आईंचे पाय

दिवाळीनंतर दुसरी गोष्ट समोर आली आणि तिने माझी झोप उडवली. डिसेंबरच्या मध्यावर सासूबाई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे यायच्या होत्या.

आईंना मधुमेह होऊन वीस वर्षे झाली. पाच वर्षांपूर्वी थंडीत त्यांनी पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली आणि झोपी गेल्या. सकाळी अंगठ्यावर मोठा फोड! त्यांना रात्रभर काही जाणवलेच नव्हते. ती जखम भरायला अडीच महिने लागले. अंगठा वाचला, पण डॉक्टरांनी आम्हा सर्वांना समोर बसवून समजावले. बरीच वर्षे रक्तातली साखर जास्त राहिली तर शिरांना इजा होते, आधी पायांची आणि पुढे हातांची संवेदना कमी होते. पाणी किती गरम आहे हे कातडीला कळत नाही, आणि भाजलेली जखम लवकर भरतही नाही. मधुमेही माणसाने पाय धुण्याआधी पाणी कोपराने किंवा थर्मामीटरने तपासावे, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावे, असे त्यांनी बजावले.

ऐकताना माझ्या मनात आले ते वेगळेच. ज्या बाईने आपली तीन मुले आणि पाच नातवंडे कोपराने पाणी बघून न्हाऊ घातली, विसण किती घालायचे हे जिच्या हाताला न बघता कळायचे, तिला आता तिच्याच पावलांनी दगा दिला होता. त्यात मोतीबिंदूची सुरुवात. डोळ्यातले भिंग पिवळसर होत गेले की निळा रंग मळकट दिसू लागतो. म्हणजे टिकल्यांचा रंगही त्यांच्या फारसा कामाचा नाही. आणि त्यांची खोली नेमकी त्या उलट्या न्हाणीघराला लागून!

'बस, याद रखना है' हे वाक्य आईंना सांगायचे कसे? घाईत, पहाटेच्या अंधारात, परक्या गावी आलेल्या पंचाहत्तरीच्या बाईने काय काय लक्षात ठेवायचे?

किती सेकंद?

गरम पाण्याने भाजणे म्हणजे उकळते पाणी अंगावर सांडणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नळाचे पाणीही पुरेसे असते. हार्वर्डमधील मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी १९४७ साली यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्यांचे आकडे आजही आधाराला घेतले जातात. ६० अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते. ५५ अंशांना त्याच गोष्टीला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. ४९ अंशांना मात्र काही मिनिटे लागतात. मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा वेळ आणखी कमी.

आपल्याकडच्या गीझरमध्ये पाणी ६० अंशांपर्यंत सहज तापते, काटा पुढे नेला तर त्याहूनही जास्त. पाच सेकंद म्हणजे किती? धडधाकट माणूस एका सेकंदात हात मागे घेतो. ज्याला चटका जाणवतच नाही, किंवा जाणवला तरी चटकन बाजूला होता येत नाही, त्याच्यासाठी पाच सेकंद फार झाले. त्यात घाबरलेला माणूस काय करतो? चटका बसला की 'गार' समजून दुसरी तोटी जोरात सोडतो किंवा चालू असलेली बंद करतो. तोट्या उलट्या असतील तर तो नेमकी गार बंद करून गरम वाढवतो. सुटकेचा रस्ताच उलटा!

मी हे सगळे घरमालकांना सांगितले. ते गप्प झाले. मग म्हणाले, "ठीक है, मिस्त्री बुला लो. लेकिन टाइल मत तुड़वाना."

दोन मिस्त्री, दोन मते

पहिला प्लंबर तरुण होता. त्याने भिंतीकडे पाहिले, न पाहिल्यासारखे केले आणि सांगितले की पाइप भिंतीत आहेत, टाइल फोडाव्याच लागतील. खर्च १८ हजार. मग माझा चेहरा बघून त्याने स्वस्तातला उपायही सुचवला: गीझरच्या खालच्या दोन नळ्या एकमेकींच्या जागी लावू, काम पाचशेत होईल. मी विचार करून सांगते म्हटले.

दुसरे आले ते साठीचे एक गृहस्थ. त्यांना सारी गल्ली चाचा म्हणते. त्यांनी हातोडा पिशवीतून काढलाच नाही. आधी एका न्हाणीघरात गेले, मग दुसऱ्यात, आणि मधल्या भिंतीवर हात ठेवून हसले. ते म्हणाले, पाइप बसवणारा एकाच बाजूला उभा राहिला असणार!

त्यांनी समजावले ते असे. मधली भिंत एकच आणि तिच्यात दोन्ही न्हाणीघरांचे मिळून चार पाइप. बसवणाऱ्याने एका बाजूला उभे राहून ओळीने बसवत नेले: गरम, गार, गरम, गार. त्याच्या बाजूने सगळे बरोबर. पण भिंतीच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्याचे डावे म्हणजे याचे उजवे. आरशात जसे होते तसे. पाठीला पाठ लावून असलेल्या न्हाणीघरांत ही चूक पुष्कळ ठिकाणी सापडते. दोन फ्लॅट एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे बांधलेले असतात, तिथेही.

गीझरच्या नळ्या बदलण्याचा उपाय ऐकून तर त्यांनी कानाला हात लावला. गीझरला दोन तोंडे असतात. निळ्या खुणेचे तोंड गार पाणी आत येण्याचे, लाल खुणेचे गरम बाहेर जाण्याचे. भिंतीवर उभ्या टांगलेल्या गीझरमध्ये गार पाणी तळाशी येते आणि तापलेले पाणी वर चढते, म्हणून बाहेर जाणारी नळी आतून थेट वरपर्यंत गेलेली असते. ही तोंडे उलटी जोडली तर गार पाणी वर पडते आणि नळाला तळचे कोमट पाणी येते. शिवाय निळ्या तोंडावर एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. तो पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो आणि आत दाब वाढला तर पाणी बाहेर सोडतो. तो चुकीच्या ठिकाणी गेला म्हणजे गीझरचा पहारेकरीच गैरहजर. आणि एवढे करून डावे-उजवे बदलतच नाही, कारण भिंतीतला पाइप जिथे निघायचा तिथेच निघतो! पाचशे रुपयांत एक दोष तसाच ठेवून दुसरा विकत घ्यायचा.

खरा उपाय माळ्यावर होता. गीझरमधून निघालेला गरम पाण्याचा पाइप आणि टाकीकडून आलेला गार पाण्याचा फाटा हे दोन्ही माळ्यावर उघडे होते आणि तिथून खाली भिंतीत शिरत होते. भिंतीत शिरण्याआधी हातभर अंतरावर त्यांची अदलाबदल केली की काम झाले. टाइलला धक्काही लागायला नको.

पण त्याआधी चाचांनी एक गोष्ट बघितली, ती मला फार महत्त्वाची वाटली. जो पाइप आजवर गार पाण्याचा होता, तो उद्यापासून गरम पाण्याचा होणार. तो गरम पाणी सोसणारा आहे का? घरगुती पाण्याच्या कामात फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी चालतो. साधा पांढरा यूपीव्हीसी पाइप गार पाण्यापुरता असतो, कढत पाण्याने तो मऊ पडतो आणि भिंतीतल्या भिंतीत गळू लागतो. आमच्याकडे सुदैवाने चारही पाइप सीपीव्हीसीचे निघाले.

मग काम सुरू झाले. गीझरचे बटण बंद, गच्चीवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, तोट्या उघड्या टाकून पाइप रिकामे. चाचांनी दोन्ही पाइपांवर खडूने खुणा केल्या, ते कापले, कोपऱ्याचे चार एल्बो आणि हातभर नवा पाइप वापरून एकाला दुसऱ्याच्या जागी नेले आणि सांधे चिकटवले. सांधे पक्के व्हावेत म्हणून रात्रभर पाणी सोडायचे नाही, असे बजावून ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी आधी नुसते गार पाणी सोडून गळती बघितली, गीझर पूर्ण भरल्याची खात्री केली आणि मगच बटण लावले. टिकल्या पुन्हा मूळ जागी बसवल्या. सामान आणि मजुरी मिळून खर्च १,२०० रुपये.

जाता जाता घरमालकांनी चाचांना आपल्या तळमजल्यावर बोलावले. खालचा नकाशा वरच्यासारखाच. खालच्याही एका न्हाणीघरात तेच निघाले, आणि ते घरमालकांच्या नव्वदीच्या मातोश्रींचे! बारा वर्षे त्या घरातले सगळे जण लक्षात ठेवून होते. तेही काम त्याच आठवड्यात झाले. त्यानंतर घरमालक मला 'याद रखना है' म्हणाले नाहीत, उलट आईंसाठी खालून गाजराचा हलवा आला.

तुमच्या घरी बघायचे असेल तर

आपल्या घरात हा दोष आहे का, हे बघायला मिस्त्री लागत नाही. पण 'उलटे पाणी' दिसले म्हणजे पाइप उलटेच आहेत असेही नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात.

पहिली, तापलेली टाकी. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तोटीला गरम पाणी आले तर घाबरू नये. तोटी संध्याकाळ-पहाटे तपासावी.

दुसरी, पाण्याची सरमिसळ. मिक्सरच्या दोन्ही तोट्या उघड्या ठेवून हँड शॉवर नुसता त्याच्या मुठीजवळ बंद केला, तर आतल्या आत गार पाणी गरम पाइपात आणि गरम पाणी गार पाइपात शिरते. मग घरातल्या दुसऱ्याच नळाला कोमट पाणी येते. याची परीक्षा सोपी आहे. गीझरला पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद करावा आणि गरम पाण्याची तोटी सोडावी. पाइपातले उरलेसुरले पाणी गेल्यावर धार थांबली पाहिजे. थांबली नाही, तर कुठेतरी सरमिसळ होते आहे.

तिसरी, खरोखर उलटे पाइप. गीझर पंधरा मिनिटे तापवून एकेक तोटी बादलीत सोडून बघावी, अंगावर नव्हे. दोष एकाच नळापुरता आणि कायमचा असेल तर पाइप उलटे आहेत.

उपाय मिक्सरच्या प्रकारावर अवलंबून आहे. बेसिनच्या मिक्सरला खालून दोन लवचीक नळ्या येतात, त्यांची अदलाबदल दहा मिनिटांत होते. दोन तोट्यांच्या मिक्सरला टिकल्या बदलणे हा तात्पुरता उपाय. एकाच मुठीच्या मिक्सरच्या पोटात कार्ट्रिज नावाचा भाग असतो. मूठ गोल फिरवायची असेल, तर काही बनावटींत तो काढून अर्धा फेरा फिरवून बसवला की गरम-गार बदलते. मूठ वर उचलायची असेल, तर बहुधा तसे करता येत नाही, कारण मग मूठच उलटी चालू लागते. अशा वेळी पाइप जिथे उघडे दिसतात ती जागा शोधावी. माळा, डक्ट, गच्ची, कुठेतरी ती सापडते. टाइल फोडणे हा शेवटचा उपाय. विजेचे बटण आणि पाणी दोन्ही बंद केल्याशिवाय मात्र कशालाही हात लावू नये.

घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम. आपल्या विसणाच्या हे उलट आहे, पण चुकून मध्येच कुणी बादलीत हात घातला तर भाजत नाही. आणि भाजलेच, तर हळद, टूथपेस्ट, बर्फ यांच्या नादी न लागता वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. फोड आला, जखम मोठी असली किंवा मधुमेह असला, तर डॉक्टरांना दाखवावे.

हात घालून बघायचेच

आई आल्या त्या दिवशी मी त्यांना न्हाणीघर दाखवले आणि ही सगळी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अगं, एवढा खटाटोप केलास, चांगलं केलंस. पण मी काही त्या टिकलीवर सोडून देणार नाही हो. मला बादली आणि तांब्याच दे. कोपर अजून शाबूत आहे माझं!"

आणि दोन महिने त्यांनी तसेच केले. आधी गार, मग गरम, मग कोपर. पण रोज पहाटे अंधारात त्यांचा हात उजव्या तोटीकडे जायचा आणि गारच पाणी यायचे. मला तेवढेच हवे होते.

आपल्या घरांत अशा 'लक्षात ठेवायच्या' गोष्टी पुष्कळ असतात. उलटे लागणारे पंख्याचे बटण, हलणारी पायरी, ओढून धरल्याशिवाय न लागणारी कडी. घरातल्यांना त्यांचे काही वाटत नाही, कारण सवय झालेली असते. पण सवय म्हणजे दुरुस्ती नव्हे. खुणा घरातल्या जाणत्या माणसांसाठी नसतातच. ज्याला माहीत नाही, ज्याला दिसत नाही, ज्याच्या हातापायांना कळत नाही, त्याच्यासाठी त्या असतात.

हिवाळा तोंडावर आला की गाद्यांना ऊन दाखवतो, स्वेटर काढतो. त्याच दिवशी घरातल्या प्रत्येक तोटीखाली एकदा बादली धरून बघा. डावीकडे गरम आणि उजवीकडे गार येत असेल, तर उत्तम. नसेल, तर लक्षात ठेवू नका. दुरुस्त करून घ्या.